व्यायाम रोजचा, खाण्यावर लगाम, तरी काटा जागेवरच: नेमकं कुठे अडलंय ते कसं शोधायचं

आठवड्यातले पाच दिवस व्यायाम होतो. गोड बंद आहे, तळलेलं बंद आहे, रात्रीचं जेवण निम्म्यावर आलंय. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात वजन उतरलंही. मग ते थांबलं, आणि आता कितीही घाम गाळला तरी काटा त्याच आकड्याभोवती घुटमळतोय. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात: खाणं आणखी तोडतात, नाहीतर व्यायाम दुप्पट करतात. माझा आग्रह आहे की या दोन्हींना आत्ता हात लावू नका. वजन अडण्याची कारणं वेगवेगळी असतात, बाहेरून ती अगदी सारखी दिसतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. कारण हाती लागण्याआधीच उपाय सुरू केला तर अडचण बहुधा वाढते, आणि माणूस खचतो ते वेगळंच.

खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. सगळ्यात जास्त वेळा सापडणारी आणि घरच्या घरी तपासता येणारी कारणं आधी, रक्ततपासणी लागणारी शेवटी. अपवाद एकच. वजन झपाट्याने वाढतंय, पायांवर सूज आहे, धाप लागते, किंवा पाळी अनेक महिने आली नाही, असं काही असेल तर बाकीचं सोडून आधी डॉक्टरांना भेटा.

आधी खात्री करा: वजन खरंच अडलंय का?

दहा-बारा दिवस काटा हलला नाही, एवढ्यावरून वजन अडलं असं म्हणता येत नाही. शरीरातलं पाणी, मीठ आणि आतड्यातलं अन्न यांमुळे एकाच माणसाचं वजन दिवसभरात एक-दोन किलो सहज वरखाली होतं. उलट सगळं नीट चालू असताना आठवड्याला उतरणारी चरबी चारशे-पाचशे ग्रॅम. आता चारशे ग्रॅमचा फरक दीड किलोच्या चढउतारात दिसणार कसा? तो असतो, पण झाकलेला असतो.

पाणी इतकं का बदलतं, हे एकदा समजलं की निम्मी धास्ती कमी होते. यकृत आणि स्नायू मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, बाळगतात आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी राहतं. खाणं कमी केलं की हा साठा आधी उतरतो. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून आनंद होतो, त्यातला बराच भाग हे पाणी असतं. हाच वेग पुढेही राहील असं मनाने धरलं, की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली अगदी योग्य गतीही अपयश वाटू लागते. एखाद्या दिवशी पोटभर जेवण झाल्यावर सकाळी किलोभर वाढ दिसली, तर तीही याच साठ्याची. किलोभर चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात, त्या एका जेवणात जात नाहीत.

व्यायाम नवा असेल किंवा नुकताच वाढवला असेल तर दुखावलेले स्नायू दुरुस्तीसाठी पाणी धरून ठेवतात, आणि हे काही आठवडे चालू शकतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेक स्त्रियांच्या अंगात पाणी साठतं. त्यांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करावी. बद्धकोष्ठ, जास्त मीठ, अपुरी झोप यांचाही वाटा असतो.

मोजायची पद्धत अशी ठेवा. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा. काटा सपाट, टणक जमिनीवर एकाच जागी असू द्या. रोज आकडा लिहा, पण त्या दिवशी त्याचा काही अर्थ लावू नका. आठवड्याच्या शेवटी सात दिवसांची सरासरी काढा आणि तुलना फक्त सरासरीची करा. सोबत आठवड्यातून एकदा कमरेचा घेर घ्या: सगळ्यात खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता. रोज आकडा पाहून ज्यांचा जीव कासावीस होतो त्यांनी आठवड्यातून तीन दिवसच वजन करावं, तेवढ्यावरही कल कळतो.

चार आठवडे असं केल्यावर सरासरी तिथेच असेल पण घेर कमी झाला असेल, तर तुमचं काम व्यवस्थित चालू आहे. चरबी उतरतेय, जोडीला थोडा स्नायू किंवा पाणी वाढलंय. काहीही बदलू नका. चरबीची टक्केवारी सांगणाऱ्या काट्यांवर मात्र या निर्णयासाठी विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. ते काटे शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात आणि अंगातलं पाणी बदललं की तो अंदाजही बदलतो. म्हणजे ज्या गोष्टीने आपली फसगत होते तिच्यावरच त्यांचा अंदाज उभा असतो.

सरासरी आणि घेर दोन्ही चार आठवडे जागेवर असतील, तर वजन खरंच अडलं आहे. पुढे वाचा.

खाल्लेलं आणि लिहिलेलं यातली तफावत

अडलेल्या वजनामागे सर्वाधिक वेळा हेच कारण निघतं, आणि ऐकायला ते सगळ्यात कठीण जातं. म्हणून आधीच सांगते: यात तुमच्या प्रामाणिकपणावर शंका नाही.

१९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अशाच माणसांचा अभ्यास केला. दिवसाला १,२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही, असं सांगणारे दहा लठ्ठ लोक त्यात होते. त्यांचं चयापचय मंद असेल असा त्यांचा स्वतःचा समज होता. शरीरात प्रत्यक्ष किती ऊर्जा जळते ते मोजल्यावर चयापचय अपेक्षेइतकंच निघालं. फरक होता तो नोंदीत. त्यांनी खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ही माणसं मुद्दाम काही लपवत नव्हती, आपण कमीच खातो याची त्यांना खात्री होती. २००२ मधल्या एका अभ्यासात तर खुद्द आहारतज्ज्ञांच्या नोंदीही तपासल्या गेल्या. रोज हेच काम करणाऱ्या त्या मंडळींनीही दिवसाला सरासरी २२३ कॅलरी कमी नोंदवल्या होत्या. नजरेने अंदाज करणं माणसाला जमतच नाही, हे यावरून मान्य करायला हवं. मान्य केलं की अपराधीपणा गळून पडतो आणि हाती एक सोडवता येण्याजोगा प्रश्न उरतो.

तफावत सापडते कुठे? पहिला नंबर तेलाचा. मोठा, १५ मिलिलिटरचा चमचा भरून तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. स्वयंपाकात ते भांड्यात अंदाजाने ओतलं जातं आणि नोंदीत फक्त भाजी लिहिली जाते. दिवसाकाठी असे दोन चमचे नोंदीतून निसटले, तर ठरवलेल्या कपातीचा अर्धाअधिक भाग तिथेच संपतो. मूठभर शेंगदाणे, बदाम, अक्रोड पौष्टिक खरेच, पण ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० च्या आसपास कॅलरी असतात आणि मूठ कुणाची केवढी असेल ते सांगता येत नाही. स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटात उरलेला घास, दूध-साखर घातलेली पेयं, फळांचे रस यांना आपण जेवणात धरतच नाही. कच्च्या आणि शिजवलेल्या धान्याची गल्लतही नेहमीची. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी, शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे १३०. ॲपमध्ये चुकीची ओळ निवडली तर नोंद तिपटीने चुकते, कधी जास्त, कधी कमी.

आणि सुट्टीचे दिवस. समजा सोमवार ते शुक्रवार तुम्ही रोज गरजेपेक्षा ४०० कॅलरी कमी खाता. आठवड्याची बचत झाली २,०००. शनिवार-रविवारी बाहेरचं जेवण, पाहुणे, थोडं सैल वागणं, यांत रोज गरजेपेक्षा ८०० जास्त गेल्या तर १,६०० खर्च झाल्या. उरल्या ४००, म्हणजे आठवड्याला ५० ग्रॅम चरबी. पाच दिवस मन मारलं हे खरं, आणि वजन हललं नाही हेही खरं. नेटाने वागणाऱ्या माणसांची सगळ्यात जास्त कुचंबणा इथे होते, कारण त्यांच्या आठवणीत ते पाच दिवसच ठसलेले असतात.

तपासायचं असं: दोन आठवडे, सुट्ट्या धरून, सगळं वजन करून लिहा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा साधा काटा पुरे. तेलाची बाटली स्वयंपाकाआधी आणि नंतर वजन करून फरक लिहिला, तर चमच्यांचा हिशेब ठेवावा लागत नाही. घरातल्या सगळ्यांसाठी एकत्र शिजतं तिथे पूर्ण पदार्थाची बेरीज करा आणि शिजल्यावर आपला वाटा वजनाने काढा. एक पथ्य मात्र कडक पाळा: या दोन आठवड्यांत खाण्यात सुधारणा करू नका. लिहायला बसलं की माणूस आपोआप कमी खातो, आणि मग जे शोधायचं होतं तेच नोंदीत उमटत नाही. जन्मभर असं मोजत बसायचं नाही. दोन आठवडे नीट केलं की डोळ्यांना पुढचे कित्येक महिने पुरेल इतका सराव होतो.

नोंदीत पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांचा भाग मोठा दिसला तर तिकडे विशेष लक्ष द्या. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे असं अन्न आणि दोन आठवडे कमी प्रक्रियेचं अन्न दिलं होतं, हवं तितकं खायच्या मुभेसह. पहिल्या प्रकारच्या अन्नावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. ‘लो फॅट’ किंवा ‘प्रोटीनयुक्त’ लिहिलेलं पाकीटही यातून आपोआप सुटत नाही.

व्यायामाने किती जळतं, आणि नंतर काय होतं

८० किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर नुसतं बसून जे जळलं असतं त्याच्या वर सुमारे १२० कॅलरी जळतात. वर तेलाच्या चमच्याचा आकडा आला, तो याच्याशी ताडून पाहा. मनगटावरची यंत्रं यापेक्षा बरंच जास्त दाखवू शकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये अशी सात यंत्रं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले, पण जळलेल्या कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात अचूक यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. त्यामुळे ‘आज ५०० जाळल्या, त्यातल्या ३०० खाऊ शकते’ हा हिशेब करूच नका. ॲप असा हिशेब आपोआप करत असेल तर ती सोय बंद करून ठेवा.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. कडक व्यायाम झाल्यावर उरलेल्या दिवसात आपण नकळत कमी हलतो. जिना टाळतो, उभ्याने करायची कामं बसून करतो, संध्याकाळी आडवे होतो. व्यायामाव्यतिरिक्तच्या या हालचालीत माणसामाणसांत प्रचंड फरक असतो. १९९९ च्या एका प्रयोगात १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कुणाच्या अंगावर अर्धा किलोही चरबी चढली नाही, कुणाच्या चार किलोंहून जास्त चढली, आणि या फरकाचं मोठं कारण ही किरकोळ वाटणारी हालचाल होती. कमी खाल्ल्यावर हेच उलट घडतं आणि शरीर तिथे काटकसर करतं. टांझानियातल्या हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा २०१२ साली अभ्यास झाला. दिवसभर पायपीट करूनही त्यांचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराचा आकार जमेस धरता, शहरी माणसांइतकाच निघाला. व्यायाम दुप्पट केला म्हणजे खर्चही दुप्पट होईल असं गृहीत का धरू नये, याचं हे उत्तर.

तपासायला सोपं आहे. फोनमध्ये दिवसभराची पावलं दिसतात. व्यायाम सुरू करण्याआधीचे महिने आणि आत्ताचे महिने शेजारी ठेवा. व्यायामाची पावलं वजा जाता बाकीची घटलेली दिसली, तर गळती तिथेच आहे. मग व्यायाम वाढवू नका. आहे तेवढाच ठेवा, थोडा सौम्य करा आणि दिवसातली साधी हालचाल परत आणा.

हे वाचून कुणी व्यायाम सोडू नये. वजन उतरवण्याचं पहिलं हत्यार म्हणून तो कमजोर आहे एवढंच. उतरलेलं वजन परत येऊ न देण्यात, हृदय, रक्तातली साखर, स्नायू आणि झोप यांत त्याचा वाटा फार मोठा आहे, आणि काटा न हलताही तो मिळतो.

हिशेब जुना झाला असेल

नोंदी चोख, पावलं जागेवर, आणि सुरुवातीला याच खाण्यावर वजन उतरत होतं. मग बदललं काय? तुम्ही बदललात. लहान झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते.

४० वर्षांची, १६५ सेंटिमीटर उंचीची, ८० किलोची एक स्त्री घेऊ. १९९० पासून वापरात असलेल्या मिफ्लिन आणि सेंट जिओर यांच्या सूत्राने (वजन × १० + उंची × ६.२५ − वय × ५ − १६१, पुरुषांसाठी शेवटी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे) तिला स्वस्थ पडून राहायलाच दिवसाला साधारण १,४७० कॅलरी लागतात. बेताची हालचाल धरून दीडपट केलं की २,२०५. ती १,८०० खाते, म्हणजे तूट ४०० ची, महिन्याला दीड किलोच्या आसपास घट. आता ती ७० किलोंवर आली. तेच सूत्र १,३७० सांगतं, दीडपट २,०५५. तूट उरली २५५. त्यात वजन उतरल्यावर शरीर सूत्राच्या अंदाजापेक्षाही थोडी जास्त काटकसर करतं. ते आणि घटलेली हालचाल मिळून आणखी १०० धरा. उरली १५० ची तूट, म्हणजे महिन्याला अर्धा किलोच्या जवळपास, आणि तीही पाण्याच्या चढउतारात झाकलेली. एकही नियम न मोडता तिचं वजन ‘अडलं’. असे आकडे स्वतःसाठी मांडून पाहाच, पण सूत्र सरासरीचं आहे. एखाद्याच्या बाबतीत ते १०-१५ टक्क्यांनीही हुकू शकतं. तुमची स्वतःची चार आठवड्यांची नोंद सूत्रापेक्षा जास्त खरी.

शरीराची ही काटकसर किती टोकाला जाऊ शकते? अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत अतिशय वेगाने वजन उतरवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च त्यांच्या आकाराच्या माणसाकडून अपेक्षित असतो त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. हा अभ्यास २०१६ चा. स्पर्धा आणि तिथला व्यायाम दोन्ही टोकाचे होते, त्यामुळे तो आकडा प्रत्येकाला लागू पडत नाही. पण घाईची किंमत काय असू शकते ते त्यातून दिसतं.

याच्या उलट एक समज पसरला आहे की फार कमी खाल्लं की शरीर ‘उपासमारीच्या अवस्थेत’ जातं आणि वजन उतरणं पूर्ण थांबतं, म्हणून जास्त खा. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं चयापचय खूपच मंदावलं, तरी वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं. मात्र त्यांच्या अंगावर सूज आली, पाणी साठलं, आणि त्यामुळे झीज काट्यावर पूर्ण दिसेना. फार कमी खाणाऱ्याचं वजन थांबल्यासारखं वाटतं त्यामागे पुष्कळदा हे पाणीच असतं.

आणि वयाचं. ‘तिशीनंतर चयापचय मंदावतं’ हे इतकं ऐकवलं जातं की लोक तिथेच हात टेकतात. २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांची मोजमापं एकत्र तपासली गेली. शरीराचा आकार आणि घडण जमेस धरली तर वयाच्या २० पासून ६० पर्यंत ऊर्जाखर्च जवळपास सारखाच राहतो. घटतात ते स्नायू आणि हालचाल, आणि या दोन्हींवर काम करता येतं.

झोप

हिच्याकडे दुर्लक्ष होतं म्हणून वेगळी काढली. शिकागो विद्यापीठात २०१० मध्ये दहा जणांना सारख्याच कमी कॅलरींवर ठेवलं, एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची मुभा देऊन. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत त्यातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी घटला आणि स्नायू जास्त झिजले. भूकही वाढली. साडेपाच-सहा तास झोपून पहाटेचा व्यायाम गाठणाऱ्याने आठवड्यातले दोन दिवस तो व्यायाम सोडून झोप घेतली तर फायदाच होईल, असं मी म्हणेन. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसभर पेंगणं असेल तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्या.

सापडलं, आता दुरुस्ती

एका वेळी एकच बदल करा आणि तीन-चार आठवडे त्याला हात लावू नका. दोन-तीन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

गळती खाण्याच्या नोंदीत सापडली असेल, तर नवा आहार शोधत बसण्याची गरज नाही, ती गळती बुजवा. आहाराच्या प्रकारावरून फार वाद होतात. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी ६०९ जणांना वर्षभर कमी स्निग्ध किंवा कमी कर्बोदकांच्या आहारावर ठेवलं. पहिल्या गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो, आणि हा फरक संशोधकांच्या लेखी महत्त्वाचा नव्हता. दोन्ही गटांतल्या माणसामाणसांतला फरक मात्र मोठा होता. तुम्हाला दोन वर्षं सहज पाळता येईल तो आहार तुमचा.

हिशेब जुना झाला असेल तर दिवसाला १५० ते २०० कॅलरींची कपात किंवा तेवढी साधी हालचाल पुरते. प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम इतकी ठेवा: कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे, जे खात असाल त्यातून. प्रथिनं पचवण्यातच त्यांच्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग खर्च होतो, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि स्नायू टिकतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं उचलण्याचा किंवा स्वतःच्या शरीराच्या भाराचा व्यायाम हवाच. नुसतं चालणं-धावणं आणि कमी खाणं यात चरबीबरोबर स्नायूही जातो.

खाणं आधीच खूप खाली आलेलं असेल, सतत थंडी वाजते, चिडचिड होते, केस गळतात, डोक्यात दिवसभर खाण्याचेच विचार असतात, तर आणखी कपात अजिबात नको. महिना-दोन महिने वजन जिथल्या तिथे राहील इतकं खा. त्यात एखादा किलो वाढेल, ते बहुतांश पाणी असेल. माझ्या मते लांबलेल्या आहारनियंत्रणात हा विसावा नियमाने घ्यायलाच हवा, आणि तो घेतल्याने काही हरत नाही. खाल्लं की उलटी काढावीशी वाटणं, लपून खाणं, एका जेवणाची शिक्षा म्हणून तासन्‌तास व्यायाम करणं, यांतलं काही होत असेल तर वजनाचा विषय बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

आणखी एक तपासून पाहा. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे, रक्तदाब आणि रक्तातली साखर ठीक आहे, तर उतरवण्यासारखं कदाचित फारसं उरलेलंच नसेल. शेवटचे तीन-चार किलो म्हणून ज्यांच्या मागे माणूस वर्षानुवर्षं धावतो, ते पुष्कळदा त्या शरीराचेच असतात.

इथवर सगळं चोख असेल तर

आता वैद्यकीय कारणं. थायरॉईडचं नाव सगळ्यात आधी निघतं. टीएसएच ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी, पण अपेक्षा माफक ठेवावी. थायरॉईड मंदावल्यामुळे वाढणारं वजन सहसा दोन ते साडेचार किलो असतं आणि त्यात मीठ-पाण्याचा भाग मोठा असतो. गोळी सुरू झाल्यावर तेवढं उतरतं, त्यापलीकडचं उतरत नाही. पाळी अनियमित, चेहऱ्यावर जाड केस, मुरुमं असतील तर पीसीओएस या बीजकोशांशी आणि संप्रेरकांशी निगडित विकाराची तपासणी हवी. कुशिंग हा, शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक फार वाढल्याने होणारा आजार दुर्मीळ आहे, पण पोटावर रुंद जांभळट वळ, जराशा धक्क्यानेही काळंनिळं पडणं, मांड्यांतली ताकद जाणं, चेहरा गोल होणं ही लक्षणं एकत्र दिसली तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. रजोनिवृत्तीच्या काळात चरबी पोटाकडे सरकते, त्यामुळे वजन तेच राहूनही कपडे घट्ट होतात.

आजारांपेक्षा औषधांकडे जास्त दुर्लक्ष होतं असं मला वाटतं. स्टिरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि पायोग्लिटाझोन, ओलान्झापिन (मानसिक आजारांवर), मिर्टाझापिन (नैराश्यावर), व्हॅल्प्रोएट (फिट्सवर), प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्यावर), काही बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीच्या गोळ्या) यांनी वजन वाढू शकतं किंवा उतरणं अवघड होऊ शकतं. वजन कधीपासून अडलं आणि औषध कधी सुरू झालं, या दोन तारखा शेजारी लिहून पाहा. यांतलं कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका, त्यातल्या काहींच्या बाबतीत ते धोक्याचं ठरतं. पर्याय आहे का, हे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. पर्याय बऱ्याचदा असतो.

लठ्ठपणा मोठा असेल, सोबत मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल, आणि इतकं सगळं करूनही वजन हलत नसेल, तर औषध किंवा शस्त्रक्रियेबद्दल विचारण्यात कमीपणा मानू नका. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरलं. त्याचे दुष्परिणाम आहेत, ते सगळ्यांना चालत नाही, आणि थांबवल्यावर वजन परत येण्याची शक्यता मोठी असते. हा निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायचा.

भेटीला जाताना चार आठवड्यांच्या वजनाच्या सरासऱ्या, घेराचे आकडे, दोन आठवड्यांची खाण्याची नोंद, दिवसाची पावलं, झोपेचे तास आणि सगळ्या औषधांची नावं सुरू केल्याच्या तारखांसह एका कागदावर लिहून न्या. ‘कमी खा, जास्त चाला’ एवढ्यावर बोळवण होऊ लागली तर तो कागद पुढे करा आणि विचारा: एवढं खाऊन आणि एवढं चालूनही वजन का हलत नाही, यासाठी कुठल्या तपासण्या करायच्या?